बेचाळिसावा किलोमीटर

दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात,
हात घालावा तिथे काळी माती.
मुरूम आणायचा तर ट्रक पहाटे निघतो
आणि दुपारी येतो, अर्धा सांडलेला.
माती पावसात फुगते, वैशाखात फाटते,
भेगेत पडलेली किल्ली परत मिळत नाही.
तिच्या पाठीवर आम्ही डांबर अंथरतो,
वीस मिलिमीटर.
कागदावर.

काम बावीस टक्के बिलोनं सुटलं होतं.
ते बावीस टक्के मी पुढे शोधत बसलो.
सहा डांबरात सापडले, नऊ गिट्टीत,
उरलेले रोलरच्या त्या फेऱ्यांत
ज्या इस्माईलने मारल्याच नाहीत,
कारण डिझेल दुसऱ्या साइटवर गेलं होतं.

मार्चची एकतीस तारीख. रात्रीचे अकरा.
ट्रॅक्टरच्या उजेडात मेळघाटातल्या बाया
पायांना पोत्याच्या चिंध्या बांधून गिट्टी फेकत होत्या.
धूळ कुणी झाडली नाही.
डांबर धुळीला चिकटलं,
रस्त्याला नाही.
मी मोजमाप पुस्तकात लिहिलं: जाडी समाधानकारक.
पुस्तक ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलं होतं,
इंजिन चालू होतं,
म्हणून अक्षर थरथरलेलं दिसतं.
म्हणूनच.

गुणवंता तायडे तेव्हा तिथेच उभा होता, मैलकुली, निवृत्त.
एक्केचाळीस ते चव्वेचाळीस हे तीन किलोमीटर
अठ्ठावीस वर्षं त्याच्या नावावर होते,
सातबारा नव्हता, एवढंच.
रोहिण्या निघाल्या की तो चर उघडायचा,
मोरीतला गाळ उपसायचा,
कडेचं गवत गाईला न्यायचा.
"पाण्याले वाट देल्ली का थे रस्त्याले सोडते," म्हणायचा.
त्याची जागा रिकामी झाली आणि भरली नाही.
खड्ड्यांचंही तेच झालं.

आषाढात कापसाच्या सरकीचा एक ट्रक गेला
आणि बेचाळिसावा किलोमीटर सालीसारखा उठला.
पोरांनी पापुद्रे सोलले.
कुणीतरी सगळ्यात मोठ्या खड्ड्यात
बेशरमाची फांदी रोवली,
ती तिथे रुजली, तिला जांभळी फुलं आली.
एसटीचा ड्रायव्हर तिला वळसा घालतो,
जसा एखाद्या ओट्याला घालावा.

भाद्रपदात पाहणीला गेलो.
पंचफुलाबाईने चहा दिला, कपबशी नवी होती.
अंगणात कोंबड्यांचं खुराडं,
खुराड्यावर एक काळा, सपाट तुकडा, दोन हात रुंद.
"हा तुमचाच हाय," तायडे म्हणाला.
"गळत नाही. खाली पाया मजबूत हाय न, तुराट्यायचा."
मी हसलो. तो हसला नाही.
एक कोंबडी त्या रस्त्यावर चढून बसली.

मग आम्ही बाहेर आलो.
गावाने खड्ड्यांत भट्टीच्या जळक्या विटा टाकल्या होत्या,
पाणी वरून डुचमळत होतं.
त्याने आधी पावलाने चर मोकळा केला.
पाणी क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं,
आणि गेलं.
"खड्डा पह्यले मोठा करा लागते, सायेब.
चौकोनी कापाचा. काठ उभे. बूड कोरडं.
मंगच थो भरते.
तुमी नुसतं झाकता."
खर्च किती येईल, मी विचारलं,
सवयीने.
तो फावडं शोधायला घरात गेला.

येताना हातात सुतळी होती, चुन्याचं डबडं होतं.
एक टोक माझ्याकडे देऊन तो उकिडवा बसला.
माझ्या खिशात पेन होतं, गळ्यात ओळखपत्र,
दोन्ही खाली वाकताना पुढे लोंबत होते.
लांबून एसटीचा आवाज येत होता,
पण ती या रस्त्यावर येईपर्यंत
बराच वेळ जातो.
"ताना," तो म्हणाला.
"अजून ताना. ढिलं हाय."